लीड्सची दोस्त-पलटण : दहा मिनिटांच्या लढाईआधीची बावीस महिन्यांची नोकरी

गारठलेला गजू

मंडळी, लीड्सला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. गेल्या रविवारी यॉर्कशरच्या डोंगरात भटकायला गेलो होतो. कोल्सटरडेल नावाच्या खोऱ्यात वाट चुकलो आणि एका दगडी स्मारकापाशी पोचलो. आजूबाजूला मेंढ्या, सुसाट वारा आणि माणूस औषधालाही नाही. स्मारक कुणाचं, तर 'लीड्स पॅल्स'चं. पॅल म्हणजे दोस्त. घरी येऊन वाचायला बसलो ते अजून उठलो नाही, म्हणून हा धागा.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि युद्धमंत्री लॉर्ड किचनरने एक लाख स्वयंसेवक मागितले. तेव्हा इंग्लंडात सक्तीची भरती नव्हती. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एका गावच्या, एका ऑफिसातल्या पोरांना 'एकत्र भरती व्हा, एकत्रच लढाल' असं सांगितलं तर ती पटापट येतील. आलीच. लिव्हरपूल, मँचेस्टर, ब्रॅडफर्ड, शेफील्ड, ॲक्रिंग्टन, जो तो आपापली पलटण उभारू लागला. लीड्सचा त्या वेळचा लॉर्ड मेयर एडवर्ड ब्रदर्टन रसायनांच्या धंद्यातला गब्बर माणूस. पलटण उभारायचा खर्च त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. कागदोपत्री नाव १५वी बटालियन, वेस्ट यॉर्कशर रेजिमेंट. गावाच्या तोंडी मात्र पॅल्स.

आत कोण होतं? कारकून, दुकानातले विक्रेते, शिक्षक, वकिलाकडचे उमेदवार. पांढऱ्या कॉलरची मंडळी. २५ सप्टेंबर १९१४ ला ही वरात आगगाडीने मॅशमला उतरली आणि तिथून चढ चढत छावणीत गेली. छावणी म्हणजे काय, तर लीड्स नगरपालिकेने धरणाच्या कामावरच्या मजुरांसाठी बांधलेली वस्ती. थोडक्यात, काल टेबलाशी बसून हिशेब लिहिणारा माणूस आज मजुराच्या खोपटात झोपतोय आणि सकाळी फावडं हातात घेतोय. तळहाताला फोड. पगार रोजचा एक शिलिंग.

१ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ही पलटण काही मिनिटांत संपली, त्याबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं. मला लढाईत फारसा रस नाही. हे लोक रोज करत काय होते, खात काय होते, झोपत कसे होते, हे मी शोधतोय. माहीतगारांनी भर घालावी.

सातारी कंदी

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. एक गाव एक पलटण म्हटल्यावर पहिलं डोळ्यांसमोर आलं ते आमचं मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. आमच्या भागात अजूनही काही गावांच्या वेशीवर ते छोटे संगमरवरी दगड दिसतात, या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. पण आपल्याकडे गावचे लोक एका पलटणीत गेले ते भरतीचा हवालदार गावात यायचा आणि चुलत्यामागोमाग पुतण्या जायचा म्हणून. मेयरने खर्च करून पलटण काढली हा प्रकार नवाच.

बरं, यांना कपडे-बंदुका लगेच मिळाल्या का?

गारठलेला गजू

कंदीभाऊ, तीच तर गंमत आहे. किचनरच्या नव्या फौजेतल्या बऱ्याच पलटणींना सुरुवातीला खाकी मिळालीच नाही. कापडाला लागणारा रंग यायचा जर्मनीतून! मग पोस्टमनसारखे निळे कपडे दिले. ज्या लीड्समध्ये अख्ख्या इंग्लंडचे तयार कोट शिवले जायचे, त्या गावचा शिंपी रंगासाठी अडला. बंदुकाही पुरत नव्हत्या. नव्या फौजेत कित्येकांनी लाकडी बंदूक खांद्यावर टाकून महिनोन्महिने कवायत केली.

रोजचा दिवस असा: पहाटे बिगुल, शारीरिक कसरत, न्याहारी, कवायत, जेवण, मग खंदक खणण्याचा सराव किंवा लांबलचक कूच, संध्याकाळी बूट-पट्टे चकचकीत करणं. हिवाळाभर हेच, आणि कोल्सटरडेलचा हिवाळा मी अनुभवलाय. मी तर जाकीट, टोपी, हातमोजे घालून अर्ध्या तासात गाडीत येऊन बसलो. मग रिपन, मग दक्षिणेत सॉल्सबरीच्या माळावर. घर सोडून सव्वा वर्ष झालं तरी शत्रूचं दर्शन नाही.

त्यानंतर डिसेंबर १९१५ मध्ये पाठवलं कुठे? इजिप्तला! सुएझ कालव्याची राखण करायला. तुर्क येतील म्हणून वाळूत खंदक खणायचे. सकाळी खणलेला संध्याकाळी वाऱ्याने बुजायचा. तुर्क काही आले नाहीत. मार्च १९१६ मध्ये बोटीत घालून मार्सेय, आणि तिथून रेल्वेने उत्तर फ्रान्स.

कटकट्या

सगळं ठीक आहे, पण आपण गोऱ्यांच्या फोडांचं कौतुक का करतोय ते कळेना. मेसोपोटेमियात आपले मराठे कूटच्या वेढ्यात घोड्याचं मांस समोर आलं तर खायचं की उपाशी राहायचं या पेचात होते, तेव्हा हे साहेब सुएझवर डुंबत होते. त्यांच्यावर धागा नाही निघत.

गारठलेला गजू

कटकटेबुवा, काढा की तुम्ही, पहिला प्रतिसाद माझा. पण या पलटणीत आपल्याकडचा एक माणूस होता, त्याचं ऐका आणि मग ठरवा.

जोगेंद्रनाथ सेन. गाव चंद्रनगर, बंगाल. १९१० मध्ये लीड्स विद्यापीठात शिकायला आला, १९१३ ला इंजिनियर झाला आणि लीड्स नगरपालिकेच्या वीजकेंद्रात साहाय्यक इंजिनियर म्हणून लागला. युद्ध सुरू झालं तसा सप्टेंबर १९१४ मध्येच पॅल्समध्ये भरती झाला. अख्ख्या पलटणीत गोरा नसलेला हा एकटाच. दोस्त त्याला 'जॉन सेन' म्हणत. पुढे १९८८ मध्ये त्याच्या एका म्हाताऱ्या सोबत्याने सांगितलं की तो पलटणीतला सगळ्यांत शिकलेला माणूस, सात भाषा यायच्या, पण कातडीच्या रंगामुळे त्याला साध्या शिपायाच्या वर चढू दिलं नाही. इंजिनियर माणूस, शेवटपर्यंत प्रायव्हेट.

सुएझवर पहारा देताना समोरून मुंबईच्या बोटी जाताना त्याने पाहिल्या असणार. तेव्हा मनात काय आलं असेल देव जाणे.

२२ मे १९१६ च्या रात्री तोफगोळ्यांच्या माऱ्यात तो गेला. वय २८. मोठी लढाई अजून सव्वा महिना लांब होती. त्याचा फुटका चष्मा आणि बाकी चीजवस्तू घरी पाठवल्या. तो चष्मा चंद्रनगरच्या संग्रहालयात कपाटात पडून होता. २००५ मध्ये शंतनू दास या अभ्यासकाच्या नजरेस पडला, तेव्हा कुठे ही कहाणी बाहेर आली. आणखी एक गोष्ट: चंद्रनगर तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. म्हणजे फ्रेंच वसाहतीतला बंगाली इंग्रजी पलटणीतून लढायला गेला आणि फ्रान्समध्ये पुरला गेला.

सातारी कंदी

अंगावर काटा आला. कुठे आहे कबर?

गारठलेला गजू

कोलेंकाँ गावाजवळ, 'सुक्रेरी' नावाच्या लष्करी दफनभूमीत. सुक्रेरी म्हणजे साखर कारखाना. तिथे बिटाच्या साखरेचा कारखाना होता.

सातारी कंदी

साखर कारखान्यावर युद्ध होतं हे आम्हाला नवीन नाही, पण हे वाचून हसू येईना.

अण्णा बेळगावकर

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गजू, बाळ, तू लढाई सोडून रोजचं विचारलंस ते बरं केलंस. सिनेमावाल्यांना वाटतं फौजी रोज गोळ्या झाडतो. फौजी रोज खड्डा खणतो आणि ओझं वाहतो.

त्या काळच्या खंदकातला दिवस आमच्या जुन्या उस्तादांकडून ऐकलेला आणि थोडा आम्हीही जगलेला सांगतो. उजाडायच्या आधी 'स्टँड-टू', म्हणजे प्रत्येक जण हत्यारासह आपल्या जागेवर उभा. हल्ला पहाटे किंवा तिन्हीसांजेला होतो हा जुना अनुभव. हे आपल्या फौजेत आजही आहे. मग उजेड झाला की स्टँड-डाऊन, तेव्हा त्यांच्यात रम मिळायची. एक घोट, तो अधिकाऱ्याच्या समोरच प्यायचा, साठवायचा नाही. मग हत्यार सफाई, न्याहारी, पायांची तपासणी. दिवसा डोकं वर काढायचं नाही, म्हणून दिवसा झोप आणि रात्री काम. रात्री तारा बांधा, मातीची पोती भरा, मागून पाणी-दारूगोळा आणा. संत्रीची पाळी दोन तासांची, आणि पहाऱ्यावर झोपला तर कोर्टमार्शल, गोळी घालेपर्यंत शिक्षा जायची.

पायांचं का, तर चिखलात आठवडाभर बूट न काढता राहिलं की पाय सडतात. ट्रेंच फूट म्हणायचे. त्यावर व्हेल माशाचं तेल चोळायचं आणि मोजे बदलायचे. एकाने दुसऱ्याचे पाय चोळायचे, म्हणजे चुकवाचुकवी होत नाही. शूर माणूस मी पुष्कळ पाहिले, पण रोज मोजे बदलणारा माणूस जास्त दिवस टिकतो.

मुक्ता_

अण्णा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते :) माझा नवरा वाचतोय म्हणावं.

खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, मी वाट बघतेय.

गारठलेला गजू

मुक्ताताई, खाणं भरपूर, चव शून्य. डब्यातलं गोमांस, दगडासारखी बिस्किटं (पाण्यात भिजवून लापशी करायची किंवा संगिनीच्या मुठीने ठेचायची), आलुबुखार-सफरचंदाचा मुरांबा, तोही बारा महिने तोच, इतका की त्यावर गाणी रचली. मॅकोनॉकी नावाचा डब्यातला रस्सा: थोडं मांस, बाकी गाजर आणि सलगम. गरम असला तर खाववतो, गार असला तर माणूस मारतो, असं शिपाई म्हणायचे.

आणि चहा! पाणी पेट्रोलच्या डब्यांतून यायचं, त्यात जंतू मारायला क्लोरिनची पावडर. म्हणजे चहाला आधी पेट्रोल, मग क्लोरिन आणि शेवटी जमलं तर चहा अशी चव.

रमच्या दगडी बरण्यांवर 'एसआरडी' अशी अक्षरं असायची. लष्करी रसद खात्याचा शिक्का, पण शिपायांनी त्याचं लांब रूप करून ठेवलं होतं, 'क्वचितच मुक्कामी पोचते'. मागच्या मागे सार्जंट लोक ढोसतात असा आरोप.

डेचकी

माझ्या आयडीला आज न्याय मिळणार. त्या चहाचं भांडं माहीत आहे का कुठलं? डिक्सी. आणि डिक्सी हा शब्द आला आपल्या देगचीवरून, म्हणजे मराठी डेचकीची सख्खी बहीण! हिंदुस्थानात राहून गेलेल्या जुन्या गोऱ्या पलटणींनी हे शब्द नेले आणि लीड्सच्या कारकुनांनी ते उचलले. यादी मोठी आहे. पायाला गुंडाळायची 'पटी' म्हणजे आपली पट्टी. खाकी तर खाकीच. पाव म्हणजे 'रूटी', रोटीवरून. आरामाची जागा म्हणजे 'कुशी', खुशीवरून. 'जरा डेको टाक' म्हणजे देखो. चिठ्ठीची 'चिट'.

आणि सगळ्यांत भारी 'ब्लायटी'. खंदकातल्या गोऱ्याला घराची आठवण आली की तो म्हणायचा ब्लायटी. हा शब्द म्हणजे आपलं विलायती! हलकीशी जखम, जिच्यामुळे मरत नाही पण इंग्लंडला रवानगी होते, तिला म्हणत 'ब्लायटी वन'. देवाकडे मागायची गोष्ट. म्हणजे यॉर्कशरचा पोरगा फ्रान्सच्या चिखलात बसून हिंदुस्थानी शब्दात इंग्लंडला हाक मारतोय. त्याच्या शेजारी सेन बसला असेल तर त्याला हसू आलं असेल की नाही?

मुक्ता_

डेचकी, __/\__

कटकट्या

हे आवडलं. कबूल.

उवांचं कोणी लिहिलं नाही. आमचे पणजोबा फ्रान्सला मजूर तुकडीत गेले होते, घरात त्यांची एकच आठवण शिल्लक आहे की 'तिथे साहेब आणि आपण, दोघांच्या अंगावर सारख्याच उवा'.

गारठलेला गजू

पणजोबांनी एका वाक्यात काम केलं. उवा अंगरख्याच्या शिवणीत राहायच्या. रिकाम्या वेळी कपडे काढून शिवणीवरून मेणबत्तीची ज्योत फिरवायची, फटफट आवाज यायचा. हा रोजचा सामुदायिक कार्यक्रम, गप्पा मारत. मागे विश्रांतीला गेलं की जुन्या दारूभट्टीतल्या मोठ्या पिंपांत गरम पाण्याची आंघोळ आणि धुतलेला सदरा. तासाभरात अंगाच्या उबेने अंडी फुटून पुन्हा खाज सुरू.

'विश्रांती' हाही फसवा शब्द. पलटण काही दिवस पुढच्या खंदकात, मग आधाराच्या फळीत, मग मागच्या खेड्यात, अशी फिरत राहायची. मागे आली की रात्री ओझी वाहायची. पण खेड्यात 'एस्तामिने' असायचं, म्हणजे घरगुती खानावळ-कम-गुत्ता. तिथे अंडं आणि तळलेले बटाटे, स्वस्त पांढरी वाइन. शिपायांच्या आठवणींत या अंड्या-बटाट्यांना जे स्थान आहे ते आपल्याकडे पहिल्या पावसातल्या भज्यांना आहे. जुगारही चालायचा. हाऊसीला परवानगी होती, हो, आपण क्लबात खेळतो तीच; बाकी सगळं चोरून.

आणि टपाल. युद्ध भरात असताना आठवड्याला सुमारे सव्वा कोटी पत्रं ब्रिटिश लष्करी टपालातून जात. लीड्सहून टाकलेलं पार्सल काही दिवसांत खंदकात, केकसकट. पत्र अधिकारी वाचून मग पाठवायचा. घाई असेल तर छापील कार्ड होतं: 'मी ठीक आहे', 'मी इस्पितळात आहे', 'तुझं पत्र मिळालं' अशी वाक्यं, नको ती खोडायची. वर एक शब्द जरी जास्त लिहिला तरी कार्ड फाडून टाकणार. आईला 'मी ठीक आहे' एवढं वाक्य न खोडता पाठवायचं.

गोलंदाज

क्रिकेटवाल्यांनी मान खाली घालून वाचायचा भाग मी लिहितो. या पलटणीत यॉर्कशर संघातले तिघे होते, मेजर बूथ, रॉय किल्नर आणि आर्थर डॉल्फिन. 'मेजर' हे बूथचं पाळण्यातलं नाव! त्यामुळे तो सार्जंट झाला तेव्हा सार्जंट मेजर बूथ झाला, आणि पुढे सेकंड लेफ्टनंट मेजर बूथ. ऑर्डर्ली रूममध्ये काय गोंधळ उडत असेल. १९१३ च्या मोसमात १८१ बळी, दक्षिण आफ्रिकेत दोन कसोट्या.

१ जुलै १९१६ ला तो पडला. त्याच्यासोबत शेलच्या खड्ड्यात ब्रॅडफर्ड पॅल्सचा एक जखमी पोरगा होता, एब वॉडिंग्टन, तोही पुढे यॉर्कशर आणि इंग्लंडकडून खेळला. बूथने त्याच्या हातांत प्राण सोडला.

किल्नर त्याआधीच जखमी झाल्याने वाचला. त्याने मुलाचं नाव मेजर ठेवलं. १९२७-२८ च्या हिवाळ्यात किल्नर पतियाळाला क्रिकेट शिकवायला आला होता. इथे विषमज्वर लागला आणि मायदेशी पोचल्यावर तो गेला. सोमच्या लढाईतून वाचला आणि पतियाळाच्या पाण्याने नेला. अवांतर झालं, माफी.

सातारी कंदी

अवांतर कसलं. गजू, १ जुलैचं तू टाळतोयस असं वाटतंय.

गारठलेला गजू

टाळत होतो खरा. थोडक्यात लिहितो.

मे-जूनभर या पलटणीने सेर गावासमोर हमालीच केली. तारा पुरण्यासाठी खोल चर, पाण्याचे पाइप, तोफगोळे, शिड्या. आपल्याच हल्ल्याची बांधाबांध. १ जुलैला सकाळी साडेसातला निघायचं होतं, प्रत्येकाच्या पाठीवर सुमारे २७ किलो. जर्मन तोफखान्याने त्याआधीच पॅल्सचे खंदक भाजायला घेतले. काही मिनिटांत २४ अधिकारी आणि ५०४ शिपाई मृत किंवा जखमी. त्यांतले १५ अधिकारी आणि २३३ शिपाई मेले. इंग्लंडचा फुटबॉलपटू एव्हलिन लिंटट त्यांतच. शेजारच्या ॲक्रिंग्टनच्या पलटणीचे सुमारे ७२० पैकी ५८४ गेले किंवा जखमी झाले.

वाचलेल्यांपैकी एकाने पुढे म्हटलं की आम्ही घडायला दोन वर्षं लागली आणि संपायला दहा मिनिटं. हे वाक्य लीड्समध्ये सगळ्यांना पाठ आहे. मला ते अर्धंच वाटतं. त्या दोन वर्षांत मोजे, उवा, डिक्सीतला चहा, वाळूत बुजणारे खंदक हे सगळं होतं, आणि ते कुणाला पाठ नाही.

एका गावची पोरं एकत्र ठेवली म्हणून मृत्यूच्या बातम्या आल्या त्याही एकाच गावात. नंतर रिकाम्या जागा भरायला कुठलीही माणसं येऊ लागली, आणि डिसेंबर १९१७ मध्ये लीड्सच्याच १७व्या बटालियनमध्ये ही मिसळून टाकली.

कटकट्या

आणि ब्रॅडफर्डचे ते दोघे? क्रिमिन्स आणि वाइल्ड. तेही याच ब्रिगेडचे ना?

गारठलेला गजू

हो. १८वी वेस्ट यॉर्कशर, दुसरी ब्रॅडफर्ड पॅल्स. १ जुलैच्या आदल्या दिवशी एस्तामिनेत प्यायला बसले, रात्री परत पोचलेच नाहीत, नंतर स्वतःहून हजर झाले. ५ सप्टेंबर १९१६ ला दोघांना पहाटे गोळ्या घातल्या. माफी मिळाली ती २००६ मध्ये, अशा सगळ्यांबरोबर.

अण्णा बेळगावकर

गोळ्या घालणाऱ्या तुकडीत त्यांच्याच पलटणीतले जवान असतील तर त्या जवानांनी त्या दिवशी जेवण घेतलं का, हे मला विचारायचं आहे. पण ते कुठल्या डायरीत लिहिलेलं नसतं.

डेचकी

गजू, कोल्सटरडेलची ती छावणी पुढे काय झाली?

गारठलेला गजू

तिथे जर्मन अधिकारी युद्धकैदी ठेवले! म्हणजे पॅल्सनी कवायत केली त्याच माळावर १९१७ नंतर जर्मन बसून पाऊस बघत होते. आता खोपटांच्या खुणा फक्त गवतात दिसतात.

मुक्ता_

पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे मँचेस्टरला येतेय. तिथे जायचं तर कसं?

गारठलेला गजू

ताई, रिपनपर्यंत या, तिथून मॅशमला बस मिळते. पुढचे पाच-सहा मैल स्वतःची गाडी किंवा पाय, दुसरं काही नाही. मी येईन घ्यायला. जागेचं नाव ब्रिअरी बँक्स. जूनमध्येसुद्धा स्वेटर आणा आणि अण्णांचं ऐकून मोज्यांचा जादा जोड.